नकाशावर नसलेली वाडी : कातकरी समाजाचा इतिहास आणि वर्तमान

महारवाडा गावाबाहेर होता. परंतु तो गावाच्या नकाशावर होता. गावगाड्याने त्याला वेशीबाहेर ठेवले, त्याच्याकडून मेलेली ढोरे ओढून घेतली, वेठ घेतली आणि त्या बदल्यात वतन नावाचे एक लोढणे त्याच्या गळ्यात अडकवले. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते हे लोढणे तोडण्यासाठीच. पण लोढणे असले तरी त्याची नोंद सरकारदप्तरात होती. जमीन किती, नंबर कोणता, पाळी कोणाची, हे कागदावर होते. आणि कागदावर होते म्हणून त्याविरुद्ध लढताही आले. कोकणातल्या कातकऱ्याची गोष्ट निराळी आहे. त्याची वाडी गावात होती असे दप्तर म्हणत नाही, आणि गावाबाहेर होती असेही म्हणत नाही. दप्तराच्या लेखी ती नव्हतीच. रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांत आजही अशा वाड्या आहेत, की जेथे तीन-तीन पिढ्या जन्मल्या आणि मातीत गेल्या, पण त्या मातीचा सातबारा दुसऱ्याच कोणाच्या नावाने बोलतो. या एका समाजाचा इतिहास, आणि त्या इतिहासातून निपजलेले त्याचे आजचे जगणे, प्रस्तुत लेखात मांडायचे आहे.

१९७३ साली दलित पँथरने आपला जाहीरनामा काढला, तेव्हा दलित या शब्दाच्या व्याख्येत अनुसूचित जमातींचाही समावेश केला होता. व्याख्या योग्यच होती. तथापि पुढच्या पाच दशकांत आपल्या व्यासपीठांवर आदिवासी आला तो बहुधा 'दलित-आदिवासी' या जोडशब्दाचे शेपूट म्हणून. ठरावात त्याचे नाव असते, मंडपात तो नसतो. त्यातही वारली, भिल्ल, गोंड यांची निदान नावे आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक असतात. वारल्यांच्या १९४५ च्या उठावाची कथा गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकामुळे सुशिक्षित मराठी घरांत पोचली. कातकऱ्याच्या वाट्याला असे पुस्तक आले नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील कातकऱ्यांची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार भरली. मुंबईच्या वेशीवर राहणारा, मुंबईच्या भिंतींसाठी विटा पाडणारा एवढा मोठा समाज मुंबईच्या वाचकाला माहीत नसावा, हे त्या वाचकाच्या अज्ञानापेक्षा आपल्या समाजरचनेविषयी अधिक सांगते.

आधी 'आदिवासी' या शब्दाविषयी थोडे बोलणे भाग आहे, कारण त्यावरून वाद घालणारे आजही कमी नाहीत. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ साली आपल्या पुस्तकात या लोकांना 'तथाकथित' आदिवासी म्हटले. त्यांच्या मते हे लोक म्हणजे मागासलेले हिंदू होते. त्यानंतर तीनच वर्षांनी, डिसेंबर १९४६ मध्ये, जयपालसिंग मुंडा घटना समितीत उभे राहिले आणि आपण या भूमीचे मूळ रहिवासी आहोत असे त्यांनी ठणकावले. घटनेत मात्र 'अनुसूचित जमाती' हा शब्द आला, 'आदिवासी' आला नाही. १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने मूलनिवासी लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला, तेव्हा १४४ राष्ट्रांनी बाजूने मत दिले. त्यांत भारतही होता. मात्र आमचे सर्वच नागरिक मूलनिवासी आहेत, ही भारत सरकारची भूमिका तेव्हाही होती आणि अद्याप आहे. या युक्तिवादाची सोय लक्षात घ्या. सर्वच मूलनिवासी ठरले की मूलनिवासींचे म्हणून काही वेगळे देणे उरतच नाही. मूळ वंश कोणाचा, या चर्चेत मला फारसा रस नाही. जंगलावरचा ज्याचा ताबा कायद्याने काढून घेतला, तो कोण आणि त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

कातकरी हे नाव वंशावरून आलेले नाही, धंद्यावरून आले आहे. कात करणारा तो कातकरी. काथोडी हे त्याचेच दुसरे नाव. खैराचे झाड तोडायचे, वरचे पांढरे लाकूड तासून टाकायचे, आतल्या तांबड्या गाभ्याचे बारीक ढलपे काढायचे, ते मातीच्या मडक्यांत पाण्यात तासन्‌तास उकळायचे, रस आटवून घट्ट करायचा आणि वाळवून त्याच्या वड्या पाडायच्या. पानाला रंग आणणारा कात तो हा. पावसाळा सरला की कुटुंबेच्या कुटुंबे खैराच्या रानात मुक्काम टाकत, चुली पेटवत. एक रान झाले की पुढचे रान. काताशिवाय शिकार, नदी-ओढ्यांतील मासेमारी, कंदमुळे, मध, आणि डोंगरउतारावर राब भाजून केलेली नाचणी-वरी यांवर वर्ष निघे. शेतातल्या उंदराची बिळे खणून उंदीर आणि त्याने साठवलेले धान्य दोन्ही काढून आणण्यात हे लोक वाकबगार. शेतकऱ्याच्या पिकाचा शत्रू मारणारा हा माणूस त्याच शेतकऱ्याच्या तोंडी 'उंदीरखाऊ' म्हणून शिवीचा विषय झाला. अन्नावरून माणसाची पायरी ठरवण्याची ही रीत आपल्या वाचकांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. ती एवढी खोल गेली, की कातकऱ्यांतही सोन कातकरी आणि ढोर कातकरी असे भेद पडले, आणि गोमांस खाणारा म्हणून ढोर कातकरी खालचा ठरला.

इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत एक दंतकथा नोंदलेली आहे : रामाने लंकेला नेलेल्या वानरांपासून कातकऱ्यांची उत्पत्ती झाली, असे हे लोक स्वतःच सांगतात म्हणे. ही कथा प्रथम कोणी सांगितली असेल ते असो. ती पसरली मात्र सोयीने. ज्याची वंशावळ वानरापासून सुरू होते त्याच्या नावावर जमीन नाही याचे कोणाला आश्चर्य वाटत नाही. शंबूक, एकलव्य यांच्या कथांचा जो अर्थ आपल्या लेखकांनी लावला, तसा या कथेचा अर्थ लावणारा कातकरी लेखक अजून यायचा आहे.

आता जंगल हातचे कसे गेले ते पाहू. १८६५ साली पहिला वनकायदा झाला. १८७८ च्या कायद्याने तो कडक केला. जंगलांची राखीव, संरक्षित अशी वर्गवारी झाली आणि जे काल वहिवाट होती ते आज सरकारची मेहेरबानी ठरले, किंवा गुन्हा ठरले. राब, सरपण, चराई, शिकार, खैराची तोड, सगळ्यावर बंदी किंवा परवाना आला. ठाणे आणि कुलाबा हे जिल्हे त्या वेळी असंतोषाने इतके खदखदले, की मुंबई सरकारला १८८५ साली एक वन-आयोग नेमावा लागला. त्याच १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. घरगुती दारू गाळणे गुन्हा झाले, गुत्त्यांचे मक्ते लिलावाने जाऊ लागले. १८९२ च्या मोहाविषयीच्या कायद्याने तर मोहाची फुले गोळा करून साठवण्यावरही बंधने घातली. मोह म्हणजे काही केवळ दारू नव्हे. चैत्र-वैशाखात रानातल्या माणसाच्या पोटाला आधार देणारे ते अन्न होते. रान गेले, कात ठेकेदाराच्या हाती गेला, मोह मक्तेदाराच्या हाती गेला. जो स्वतःचा कात पाडत होता तो ठेकेदाराच्या भट्टीवर मजूर झाला. कातकरी हे नाव राहिले, कात गेला.

येथे एक नाव मुद्दाम सांगितले पाहिजे. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांनी गोळीबार केला. तेथील हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी हे नाव आहे. कायदेभंगाच्या चळवळीचा इतिहास लिहिणारे या सत्याग्रहाकडे स्वराज्याच्या लढ्यातील एक प्रसंग म्हणून पाहतात, आणि ते खोटे नाही. पण नाग्या कातकऱ्यासाठी जंगलचा कायदा हे निव्वळ परकी सत्तेचे प्रतीक नव्हते. तो कायदा त्याच्या चुलीपर्यंत आलेला होता. स्वराज्य आले; १९२७ चा भारतीय वनकायदा मात्र तसाच पुढे चालू राहिला. नाग्या कातकऱ्याचे नाव चिरनेरच्या स्मारकाला मिळाले, त्याच्या जातभाईंना त्या डोंगराचा हक्क मिळाला नाही.

रानातून हुसकावलेला माणूस कोठे जाईल? तो गावाकडे उतरला. गावातल्या खोताला, सावकाराला, मोठ्या शेतकऱ्याला मजूर हवाच होता. भातलावणीला, कापणीला, गवत कापायला, शेताची राखण करायला. त्याने आपल्या वरकस जमिनीच्या एका कोपऱ्यात, जेथे भात पिकत नाही अशा माळावर किंवा ओढ्याकाठी, कातकऱ्याला कुडाची झोपडी बांधू दिली. भाडे नाही, करार नाही, पावती नाही. ही दया नव्हे. मजुराला आपल्या जागेत बसवले म्हणजे त्याचे हातपाय आपल्या हुकमात राहतात, ही त्यामागची साधी व्यवहारी समज होती. बोलावल्यावर आला नाही तर 'झोपडी उचल' एवढे म्हटले की पुरे. रायगड जिल्ह्यातील कातकरवाड्यांचा जन्म बहुतांशी असा झालेला आहे.

याच कुलाबा जिल्ह्यात, जो १९८१ पासून रायगड म्हणून ओळखला जातो, आपल्या चळवळीचे मोठे पर्व घडले. १९२७ चा महाडचा संगर येथलाच. १९३३ पासून सहा वर्षे चाललेला चरीचा शेतकरी संप येथलाच. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखालील या कुळांच्या पाठीशी बाबासाहेब उभे राहिले. १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाने कोकणच्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कायदेमंडळावर नेला. स्वातंत्र्यानंतर खोती निर्मूलनाचा कायदा झाला, कूळकायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कसणारा कूळ मालक झाला. कोकणच्या कुणबी-आगरी शेतकऱ्याच्या दृष्टीने ही क्रांतीच होती, आणि तिचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण कातकरी कूळ नव्हता. तो कुळाचा मजूर होता. त्यामुळे जमीन खोताकडून कुळाकडे गेली तेव्हा काही ठिकाणी तिच्यावरच्या वाडीसकट गेली. मालक बदलला, झोपडीखालची जमीन पुन्हा दुसऱ्याचीच राहिली. समतेच्या लढ्याचा लाभ एका पायरीवर थांबला तर त्याखालच्या पायरीवरच्या माणसाला तो कसा दिसतो, याचे हे उदाहरण आहे.

गंमत अशी की कायद्यात उपाय नव्हता असे नाही. १९४८ च्या कूळकायद्यातील कलम १६ पासून पुढची कलमे मुद्दाम वाचण्यासारखी आहेत. जमीनमालकाच्या जागेत स्वखर्चाने घर बांधून राहिलेल्या कुळाला त्या घरातून काढता येत नाही. पुढे दुरुस्तीने घराखालची जागा त्याला खरेदी झाल्याचे मानण्याची तरतूद झाली. आणि कलम १८ ने हेच संरक्षण शेतमजूर व कारागीर यांनाही दिले. म्हणजे ज्याला कायद्याच्या भाषेत शेतमजूर म्हणतात त्या कातकऱ्याला आपल्या झोपडीखालची जागा मागण्याचा आधार निदान सहा-सात दशके पुस्तकात पडून आहे. याशिवाय जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १२२ खाली गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला आहे, आणि त्या आधारे वाडीला गावठाणाचा दर्जा देता येतो. तरीही नोंदी झाल्या नाहीत. कारणे शोधायला फार दूर जावे लागत नाही. अर्ज करायचा कातकऱ्याने, तो लिहून द्यायचा दुसऱ्याने, चौकशी करायची तलाठ्याने, आणि जबाब द्यायचा शेजारच्या त्याच शेतकऱ्याने, ज्याच्याकडे उद्या कामाला जायचे आहे. अक्षरशत्रू माणसाला कायदा माहीत नसतो हे खरे. पण माहीत असूनही तो वापरता येत नाही अशी परिस्थिती असते, आणि ती अधिक बोलकी आहे.

माळाची वरकस जमीन कवडीमोल होती तोवर हे सगळे खपून गेले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला, नवी मुंबई पनवेलच्या पुढे सरकली, कर्जत-खालापुरात फार्महाऊसे उठली, २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्या माळाला गवत सोडून काही येत नव्हते त्याचा भाव गुंठ्यावर बोलला जाऊ लागला. मुंबईचा गिऱ्हाईक सातबारा पाहतो. सातबाराच्या 'इतर हक्क' या रकान्यात वाडी नसते. मग कुंपण येते. आधी वाट बंद होते, मग विहिरीकडे जाणे बंद होते, मग सरपणाचा माळ बंद होतो. शाळेची खोली, रस्ता, पाण्याची टाकी मंजूर झाली तरी जागामालकाची संमती नाही म्हणून काम अडते. बुलडोझर बहुधा लागतच नाही. वाडी आपोआप आखडत जाते, आणि एखाद्या वर्षी भट्टीवर गेलेले लोक परतून पाहतात तो चार झोपड्यांची जागा साफ झालेली असते.

भट्टीविषयी सविस्तर सांगितले पाहिजे, कारण कातकऱ्याचे वर्ष आज तिच्याभोवती फिरते. काताचा धंदा बसल्यावर तो कोळशाच्या भट्ट्यांवर गेला. शहराच्या शेगड्यांसाठी लाकडी कोळसा पाडण्याचे काम शेठ त्याला घाटावर, परमुलखात घेऊन जाई. कोळशाची मागणी ओसरली, मुंबई, कल्याण, भिवंडी, पनवेलच्या इमारती चढू लागल्या, आणि कोळशाची जागा विटेने घेतली. व्यवहार मात्र तोच राहिला. श्रावण-भाद्रपदात, जेव्हा लावणी संपलेली असते, कापणी दूर असते आणि घरात दाणा नसतो, तेव्हा भट्टीमालक किंवा त्याचा मुकादम वाडीवर येतो आणि बयाणा देतो. गौरी-गणपतीचा सण, आजारपण, मुलीचे लग्न, सगळे त्यात भागते. दिवाळीनंतर नवरा-बायको, मुलांसह, भट्टीवर दाखल होतात. राहायला भोंगा, म्हणजे गवताचे किंवा कच्च्या विटा रचून केलेले, वाकून आत शिरावे लागेल असे खोपटे. मजुरी हजार विटांमागे. पण ती हातात मिळत नाही. आठवड्याला खर्ची मिळते, तिच्यात जेमतेम मीठ-तांदूळ येतो. हिशेब पावसाच्या तोंडावर. त्यातून बयाणा वजा, खर्ची वजा, अवकाळी पावसाने भिजलेल्या विटा वजा. उरते ते पुष्कळदा देणेच असते; आणि ते फेडण्यासाठी पुढच्या हंगामाला त्याच मालकाकडे जावे लागते. हिशेबाची वही मालकाकडे, अंगठा मजुराचा.

याला वेठबिगारी म्हणावे की नाही, असा प्रश्न अधिकारी विचारतात. साखळदंड कोठे आहेत, असा त्याचा अर्थ असतो. ठाणे जिल्ह्यातील लग्नगडी, म्हणजे लग्नाच्या कर्जापायी जन्मभर सावकाराकडे राबणारा गडी, १९३८ च्या सुमारास सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याच्या अहवालाने सरकारपुढे आणला होता. वारल्यांनी १९४५ साली लाल बावट्याखाली तो प्रकार मोडला. १९७६ चा वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा तर याहून पुढे जातो. उचल घेतल्यामुळे ज्याला दुसरीकडे काम करण्याचे, किमान वेतन मागण्याचे वा निघून जाण्याचे स्वातंत्र्य उरत नाही तो या कायद्याने वेठबिगार ठरतो. आणि कर्ज वेठीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मजुरावर नाही, धनकोवर आहे. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम-मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी वेतनावरचे काम हे घटनेच्या २३ व्या कलमाखाली सक्तीचे श्रम ठरवले. या दोन फूटपट्ट्या लावल्या तर अनेक भट्ट्यांवरचा व्यवहार कोठे बसतो, हे वाचकांनी स्वतःच ठरवावे. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या श्रमजीवी संघटनेने वसई-भिवंडी भागात या कायद्याचा आधार घेऊन माणसे सोडवली. रायगडात सर्वहारा जन आंदोलनाने कातकरी-ठाकरांना जमिनीच्या आणि मजुरीच्या प्रश्नावर संघटित केले. कायदा मुर्दाड नाही, तो कोणीतरी हातात धरावा लागतो, हे या संघटनांनी दाखवले. सुटकेनंतरच्या पुनर्वसनाची २०१६ ची केंद्रीय योजना प्रौढ पुरुषाला एक लाख, स्त्रिया व मुलांना दोन लाख, अतिशोषणाच्या प्रकरणी तीन लाख रुपये देऊ करते. मात्र ही पूर्ण रक्कम गुन्हा शाबीत होण्याशी बांधलेली आहे. खटला वर्षानुवर्षे चालतो, पोट थांबत नाही. मग सुटलेला माणूस पुन्हा बयाण्याला हात पुढे करतो आणि 'त्यांनाच ते आवडते' असे म्हणायला समाज मोकळा होतो.

मुलांचे काय होते ते शिक्षकांना सांगायला नको. जूनमध्ये पटावर नाव चढते, कार्तिकात पोर भट्टीवर जाते. नव्वदच्या दशकात विधायक संसदेने भट्ट्यांवरच भोंगाशाळा काढल्या. शासनाचीही हंगामी वसतिगृहांची योजना आहे. या प्रयत्नांतून काही मुले पुढे आली. तरी माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर अनुसूचित जमातीच्या रकान्यात ठाकर असतात, महादेव कोळी असतात. कातकरी नाव क्वचित दिसते. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. पण मला पहिलीत घालायला माझा बाप जागेवर होता, वर्षाचे बारा महिने होता. कातकऱ्याच्या मुलाचा बाप सात-आठ महिने जागेवर नसतो. आरक्षणाची जागा आहे, पण तिच्यापर्यंत जाणारा जिना मधूनच तुटलेला आहे. त्यात जातीच्या दाखल्याचे त्रांगडे. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागितला जातो. शाळेचा दाखला दाखवा, महसुली नोंद दाखवा. ज्याचा आजा शाळेत गेला नाही आणि ज्याच्या नावाने जमीन कधी नव्हतीच, त्याने कोणता कागद दाखवायचा? शिकून-सवरून कागद बाळगणारे बोगस आदिवासी पडताळणीच्या चाळणीतून निसटतात, आणि ज्याच्या आदिवासीपणाविषयी कोणालाच शंका नाही तो फाटकाबाहेर उभा राहतो.

नकाशाचा आणखी एक खेळ आहे. १९३५ च्या कायद्याखाली मुंबई इलाख्यातील काही आदिवासी तालुके 'अंशतः वगळलेले प्रदेश' म्हणून जाहीर झाले. त्यांत डहाणू, मोखाडा, शहापूर होते. कुलाबा जिल्हा नव्हता. पुढे घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालचे अनुसूचित क्षेत्र आखले गेले त्यातही रायगड आला नाही. परिणामी १९९६ चा पेसा कायदा, जो ग्रामसभेला जमीन, पाणी, गौण वनोपज यांवर अधिकार देतो, तो रायगडच्या कातकऱ्याला लागू नाही. पेणला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, म्हणजे आदिवासी आहेत हे सरकारला मान्य आहे. ते जेथे राहतात तो प्रदेश आदिवासींचा आहे, हे तेवढे मान्य नाही.

२००६ चा वनहक्क कायदा मात्र सर्वत्र लागू आहे, आणि रायगडात त्याचा खरा अर्थ दळी जमिनींच्या संदर्भात लावावा लागतो. इंग्रजी अमदानीपासून डोंगरउतारावरचे काही तुकडे कातकरी-ठाकरांच्या गटांना नाचणी-वरीसाठी कसायला दिलेले होते. त्यांना दळी म्हणतात. दळी गटाच्या म्होरक्याच्या नावे, कसणारी घरे अनेक. मालकी वनखात्याची. वनहक्काचे दावे करताना हाच गुंता आडवा आला : कागदावर एक नाव, उतारावर वीस चुली. पावत्या, जुने नकाशे, म्हाताऱ्यांचे जबाब गोळा करून कार्यकर्त्यांनी हे दावे लढवले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली, चार हेक्टरपर्यंतची जमीन, हा कायद्याचा निकष. याच कायद्याच्या कलम ३(१)(ङ) ने आदिम गटांना त्यांच्या वसतिस्थानाचा, म्हणजे ज्या मुलखात ते फिरत-जगत आले त्या सगळ्या मुलखाचा, सामूहिक हक्क देऊ केला आहे. मध्य प्रदेशात दिंडोरी जिल्ह्यातील बैगांनी तो मिळवला. कातकऱ्याच्या मुलखात त्याचा उच्चारही फारसा ऐकू येत नाही. खैर, नदी, डोंगर, मासे धरण्याचे डोह हे त्याचे वसतिस्थान होते, असे म्हणायला प्रथम ते त्याचे होते हे मानावे लागेल.

'आदिम' हा शब्द वर आला. १९७५ साली केंद्राने देशातील ५२ जमातींना आदिम ठरवले, १९९३ मध्ये आणखी २३ ची भर पडली, एकूण ७५. महाराष्ट्रातील तीन : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. २००६ पासून 'आदिम' जाऊन 'विशेष असुरक्षित आदिवासी गट' हे नाव आले. नाव बदलले हे बरे झाले. कातकरी आदिम नाही. तो वनकायदा, अबकारी, ठेकेदारी आणि बांधकाम-भांडवल या अगदी अर्वाचीन शक्तींनी घडवलेला मजूर आहे. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी या ७५ गटांसाठी पंतप्रधान जनजाती आदिवासी न्याय महाअभियान जाहीर झाले. सुमारे २४ हजार कोटी रुपयांची तरतूद आणि ४ लाख ९० हजार पक्की घरे. घरामागे सुमारे २ लाख ३९ हजार रुपये. रक्कम वाईट नाही. पण घरकुलाचा अर्ज भरताना पहिला प्रश्न जागेचा येतो, आणि येथे आपण पुन्हा त्या सातबाऱ्यापाशी येऊन थडकतो. ज्याच्या नावावर जागा आहे त्याला घर मिळते. ज्याला घराची सर्वांत जास्त गरज आहे त्याच्या नावावर जागा नाही. जागामालक संमतिपत्र देत नाही, कारण पक्के घर उभे राहिले म्हणजे वहिवाट पक्की होते, हे त्याला वकिलाने सांगितलेले असते.

म्हणून कार्यकर्त्यांनी वाडीवर जाताना योजनांची यादी नेण्याआधी गाव नमुना सातचा उतारा न्यावा. वाडी कोणत्या गट नंबरात आहे, तो सरकारी, गावठाणातला, वनखात्याचा की खाजगी. खाजगी असेल तर कोणाचा, आणि अलीकडे कोणी विकत घेतला. घरे किती, कोणते घर कधीपासून. घरपट्टीची एखादी पावती, विजेचे एखादे बिल, मतदारयादीतले नाव, रेशनकार्ड, दवाखान्यातील जन्मनोंद, असे जे सापडेल ते. घरांची यादी आणि हाताने काढलेला वाडीचा नकाशा ग्रामसभेपुढे ठेवून ठराव घ्यावा, आणि त्या ठरावासह तहसीलदाराकडे कूळकायद्याच्या व गावठाणाच्या कलमांखाली अर्ज द्यावा. महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेची मुले हे मोजणीचे काम एका श्रमशिबिरात करू शकतात. फक्त शिबिर डिसेंबरात घेऊ नये, जसे ते सर्रास घेतले जाते. डिसेंबरात वाडीत म्हातारी माणसे, दोन-चार कुत्री आणि कुलपे असतात. सरकारी पाहण्याही वर्षअखेरीच्या लगबगीत फेब्रुवारी-मार्चला होतात आणि 'लाभार्थी स्थलांतरित, आढळून आले नाहीत' असा शेरा पडतो. वाडी भरलेली असते ती आषाढ ते आश्विन. चिखल असतो, ओढे भरलेले असतात, साहेबाची गाडी वर चढत नाही. मोजणीला जायचे ते त्याच दिवसांत, बयाणा घेऊन मुकादम पोचण्याच्या आधी.